रविवार घराचा, शनिवार माझा

महाराष्ट्र सरकारने मला शनिवार दिला तो २९ फेब्रुवारी २०२० रोजी. फुकट दिला नाही, हे आधीच सांगून टाकते. मुंबईतली आमची कार्यालयं तोवर सकाळी पावणेदहाला भरायची आणि संध्याकाळी साडेपाचला सुटायची. सुट्टी दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी. पाच दिवसांचा आठवडा आला तशी सुटण्याची वेळ सव्वासहावर गेली. सरकारचा हिशोब असा होता: पूर्वी वर्षाला कामाचे २८८ दिवस आणि २०८८ तास, आता २६४ दिवस आणि २११२ तास. म्हणजे २४ दिवस मिळाले आणि वर २४ तास जास्तीचे द्यावे लागले. माझा जन्म फायलींवर टिपण्या लिहिण्यात गेला आहे, मला असले व्यवहार लगेच कळतात. साडेपाचला सुटून हार्बरची लोकल पकडणं आणि सव्वासहाला सुटून पकडणं यात पाऊण तासाचा नव्हे, एका अख्ख्या गर्दीचा फरक असतो, हे सीएसएमटीहून वडाळा रोडला येणाऱ्या कुणालाही विचारा.

त्यातून तो शनिवार आला आणि तीन-चार आठवड्यांत सगळंच बंद झालं. २८ मार्चला दूरदर्शनने ‘रामायण’ पुन्हा दाखवायला सुरुवात केली, तोही शनिवारच होता, पण तेव्हा सगळेच वार सारखे झाले होते. माझा खरा शनिवार सुरू झाला तो कार्यालयं पूर्ववत भरायला लागल्यावर. आणि मग एक गोष्ट लक्षात आली, जी इतकी वर्षं लक्षात यायला हरकत नव्हती: शनिवार आणि रविवार जोडून आले तरी जुळे नाहीत. लोक ‘वीकेंड’ म्हणून दोघांची मोट बांधतात. माझ्या घरात तरी ती बांधली जात नाही.

रविवार म्हणजे जुन्या चाळीतली खोली. पाय ठेवायला जागा नाही, आणि त्यातली एकही वस्तू काढायची कुणाची तयारी नाही. सव्वाशेहून जास्त वर्षं तिथे सामान साठत आलं आहे.

पहिलं सामान आणून ठेवलं ते नारायण मेघाजी लोखंडे यांनी. जोतीराव फुल्यांचे सहकारी, ‘दीनबंधु’ चालवणारे लोखंडे यांनी १८८४ मध्ये मुंबईच्या गिरणी कामगारांची संघटना बांधली. त्याच वर्षी साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचं निवेदन तयार झालं. त्यातल्या मागण्या आज वाचताना मान खाली जाते. रविवारी सुट्टी द्या. दुपारी अर्धा तास विसावा द्या. काम सकाळी साडेसहाला सुरू करा आणि सूर्यास्ताला थांबवा. सूर्यास्ताला थांबवा, ही मागणी होती! रविवारच का, यावर लोखंड्यांनी जे कारण पुढे केलं ते अस्सल इथलं होतं: रविवार हा खंडोबाचा वार. २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर दहा हजार कामगार जमले, दोन कामगार बायकांनी तिथे भाषणं केली, आणि १० जून १८९० रोजी गिरणीमालकांच्या संघटनेने रविवारची सुट्टी मान्य केली. आमच्या परळ, लालबाग, नायगावच्या पट्ट्यात जो कोणी रविवारी सकाळी उशिरा उठतो, त्याची झोप तिथून आली आहे.

त्या दोन बायका पहिल्या सुट्टीच्या रविवारी घरी काय करत असतील, हे सांगायला मला इतिहासकार लागत नाही. साठलेले कपडे धुतले असतील. नवरा घरी आहे, मुलं घरी आहेत, तर काहीतरी बरं रांधलं असेल. रविवारची सुट्टी गिरणीने दिली. चुलीने दिल्याची नोंद कुठे नाही.

आमच्याकडेही तेच. मटणाच्या दुकानापुढे रांग लावायला नवरा जातो, हे मान्य. पुढचं वाटण माझं. सासूबाईंना रविवारी सुकं चालत नाही, रस्साच लागतो. दुपारी कुणीतरी येणार, ‘सहज इकडून चाललो होतो’ म्हणत. विठ्ठल मंदिराच्या बाजूला राहणाऱ्यांकडे ‘सहज’ येणाऱ्यांची संख्या जरा जास्त असते. आषाढी एकादशीला तर आमच्या कात्रक रोडवर अख्खी मुंबई लोटते, पंढरपूरला न जाता आलेले सगळे वडाळ्याला येतात, पण ती एका दिवसाची गोष्ट. रविवार दर आठवड्याला येतो.

मग टीव्ही. माझं माहेर वडाळा पूर्वेचं, पोर्ट ट्रस्टच्या क्वार्टर्समधलं. बाबा गोदीत होते. सासर पश्चिमेचं. मध्ये फक्त हार्बरचे रूळ, त्यामुळे सासरी जाताना रडायचं राहूनच गेलं. मुंबई दूरदर्शन सुरू झालं २ ऑक्टोबर १९७२ रोजी, दिल्लीनंतरचं देशातलं दुसरं केंद्र. टीव्ही ठेवायला परवाना लागायचा, तो पोस्टात जाऊन काढायचा. क्वार्टर्सच्या गच्चीवरच्या सगळ्या अँटेना पश्चिमेकडे, वरळीच्या दिशेने तोंड करून उभ्या असत आणि त्यांवर कावळे बसून चित्र हलवत असत. शनिवारी संध्याकाळी मराठी चित्रपट, रविवारी संध्याकाळी हिंदी. ज्यांच्याकडे टीव्ही होता त्यांच्या घरी चटई आधी अंथरलेली असे.

चित्रपटाला जागा मिळावी म्हणून आम्ही मुलं आधीच जाऊन बसायचो, आणि त्यामुळे ‘आमची माती, आमची माणसं’ बघायला लागायचं. शेतकऱ्यांसाठीचा कार्यक्रम, बघणारे आम्ही दुसऱ्या मजल्यावरचे. भातावरचा करपा, तुडतुडे, मावा, खोडकिडा. मुलं कंटाळायची. बाबा मात्र पुढे सरकून ऐकायचे. गावी त्यांच्या वाट्याची थोडी जमीन होती, ती भाऊ कसत होते, आणि बाबा वडाळ्यात बसून तिच्यावर कोणती फवारणी हवी ते ठरवायचे. ‘चिमणराव’मधले दिलीप प्रभावळकर आणि बाळ कर्वे सगळ्यांच्या लक्षात राहिले. माझ्या लक्षात त्यांच्या जोडीला तुडतुडेही राहिले. पुढे त्यांचा उपयोग झाला, तो सांगतेच.

२५ जानेवारी १९८७ ला रविवारची सकाळही टीव्हीने घेतली. साडेनऊला ‘रामायण’, ते संपल्यावर काही महिन्यांनी ‘महाभारत’. त्याआधी रविवार सकाळ ही बाजाराची, केस धुण्याची, उशिरा पोहे करण्याची होती. ती कामं त्यानंतर नऊच्या आत उरकायला लागली. आता वाहिन्या शेकड्यांनी झाल्या, तरी त्यांनाही रविवारची किंमत बरोबर कळली आहे. मराठी मालिकांचे ‘महाएपिसोड’ रविवारी असतात. सासूबाई तेव्हा रिमोट उशीखाली ठेवतात.

एक रविवार मात्र असा आला की सासूबाईंनी स्वतःहून रिमोट माझ्याकडे दिला. २ नोव्हेंबर २०२५. महिलांच्या विश्वचषकाचा अंतिम सामना, आणि तो कुठे, तर खाडीपलीकडे नवी मुंबईत, डी. वाय. पाटील मैदानावर. तीनला सुरू व्हायचा होता, पावसाने पाच वाजवले. सासूबाईंना क्रिकेट कळतं, त्या फक्त तसं दाखवत नाहीत. शेफाली वर्माच्या ८७ धावा होईपर्यंत त्या तांदूळ निवडत होत्या. आपल्या २९८ झाल्या तेव्हा ताट बाजूला ठेवलं. दक्षिण आफ्रिकेची कर्णधार लॉरा वुल्वार्ट शतक ठोकून उभी होती तोवर घरात कुणी जागचं हललं नाही. दीप्ती शर्माने पाच बळी घेतले, आपण ५२ धावांनी जिंकलो, तेव्हा मध्यरात्र झाली होती आणि खाली रस्त्यावर फटाके. रात्रीचं जेवण झालंच नव्हतं. कुणी विचारलंही नाही. त्या रविवारी आमच्या चुलीने सुट्टी दिली, एवढी नोंद मात्र करायला हवी.

त्या संघाचे प्रशिक्षक अमोल मुजुमदार. १९८८ साली हॅरिस शील्डमध्ये सचिन तेंडुलकर आणि विनोद कांबळीने शारदाश्रमसाठी ६६४ धावांची भागीदारी केली, तेव्हा पुढचा फलंदाज म्हणून पॅड बांधून बसलेला मुलगा तो हाच. त्याची पाळी आलीच नाही. पुढे रणजीत धावांचे डोंगर उभे करूनही भारताकडून खेळायला मिळालं नाही. दादर-माटुंग्याच्या मैदानांवर ही गोष्ट प्रत्येक मुलाला सांगतात, ताटकळायची वेळ आली की. आता तिचा शेवट बदलून सांगावा लागतो.

मैदानांचा विषय निघालाच आहे तर कांगा लीगबद्दल बोलायला हवं, कारण रविवारच्या खोलीतलं तेही एक जुनं सामान, १९४८ पासूनचं. पारशी संघाकडून गाजलेले क्रिकेटपटू डॉ. होरमसजी कांगा यांच्या नावाची ही स्पर्धा पावसाळ्यात खेळतात. बाहेरच्या माणसाला हे सांगितलं की तो हसतो. बाकी जग पाऊस आला की खेळ थांबवतं, मुंबईने पावसातच स्पर्धा लावली. कारण विचित्र वाटलं तरी पक्कं आहे. तेव्हा इंग्लंडमध्ये खेळपट्ट्या झाकत नसत. ओल्या खेळपट्टीवर चेंडू कधी थांबून येतो, कधी अंगावर उसळतो, आणि कोरड्या मातीवर वाढलेल्या आपल्या फलंदाजांची तिथे दाणादाण उडायची. मग सराव कुठे करायचा, तर जुलै-ऑगस्टच्या मुंबईत. मैदानावर गवत घोट्याच्या वर. जमिनीलगत सुंदर ड्राइव्ह मारला तर चेंडू वीस पावलांवर गवतात रुतून बसतो, त्यामुळे धावा हव्यात तर उचलून मारायचं धाडस हवं. शंभर धावा म्हणजे भरपूर. सचिन अकराव्या वर्षी या लीगमध्ये उतरला होता.

रविवारी मटण शिजायला टाकून मी कधी कधी नवऱ्याबरोबर फाइव्ह गार्डनवरून दडकर मैदानापर्यंत चालत जाते. फाइव्ह गार्डनचा हा भाग मंचेरजी जोशी यांच्या कल्पनेतला, दादर पारशी कॉलनी वसवणारे तेच. झाडांना जागा ठेवून घरं बांधायची, हा विचार मुंबईत शंभर वर्षांपूर्वी कुणीतरी केला होता, यावर नव्या टॉवरांकडे बघून विश्वास बसत नाही. मैदानाच्या कडेला छत्री घेऊन उभं राहायचं, गवतात चेंडू शोधणारी अकरा माणसं बघायची आणि कुकरच्या वेळेला परतायचं. तिथेही मी घड्याळ लावूनच असते. रविवार आहे ना.

शनिवारी घड्याळ काढून ठेवते.

शनिवारला कुणी हात लावलेला नाही, याचं श्रेय मी शनिदेवाला देते. शनिवारी तेल आणू नये, लोखंड आणू नये, केस कापू नयेत, नवं काही सुरू करू नये. सासूबाईंची यादी याहून मोठी आहे. पाहुणे शनिवारी येत नाहीत. मटण नाही, कारण निम्म्या इमारतीचा मारुतीचा उपास. नवरा खासगी कंपनीत, त्याला शनिवारी काम. मुलगा दुपारपर्यंत झोपलेला. म्हणजे ज्या वारी काहीच करू नये म्हणतात, तो वार जसाच्या तसा शिल्लक राहिला आणि माझ्या हाती लागला.

सकाळ ग्रिलमधल्या कुंड्यांची. आमची खिडकी उत्तरेला तोंड करून आहे, आणि उत्तरेच्या खिडकीत काही उगवत नाही असं मला बऱ्याच जणांनी सांगितलं होतं. ते मुंबईपुरतं अर्धवट खरं आहे. मुंबई कर्कवृत्ताच्या दक्षिणेला असल्यामुळे सूर्य वर्षातून दोनदा बरोबर डोक्यावर येतो, मेच्या मध्याला आणि जुलैच्या अखेरीला. ‘शून्य सावलीचा दिवस’ म्हणून वर्तमानपत्रात बातमी असते ती हीच. या दोन दिवसांच्या मध्ये, भर दुपारीसुद्धा, सूर्य आपल्या उत्तरेला असतो. आणि मार्चच्या अखेरीपासूनच तो ईशान्येला उगवायला आणि वायव्येला मावळायला लागतो, त्यामुळे उत्तरेच्या ग्रिलमध्ये सकाळ-संध्याकाळ तिरकं ऊन येतं. म्हणजे एप्रिल आणि मे हे दोन महिने माझे. मिरची, मोगरा, गवती चहा यांना जे काय करून दाखवायचं ते त्यात. रोपं फेब्रुवारीत लावायची. जूनमध्ये सूर्य तिथेच असतो पण ढग मध्ये येतात, आणि दिवाळीनंतर पार दक्षिणेला जातो. मग मनीप्लांट, पानओवा आणि अळूवर समाधान मानायचं. दक्षिणेला खिडकी असलेल्या समोरच्या इमारतीतल्या बाईंकडे जानेवारीत शेवंती फुलते. मी पडदा लावून घेते.

कुंडीत माती कमी, हलकं भरताड जास्त, हे ग्रिलवाल्यांचं पहिलं सूत्र. ओल्या मातीचं वजन बघता बघता वाढतं आणि ग्रिल भिंतीत चार खिळ्यांवर उभी असते. निम्मं कोकोपीट, उरलेल्यात खत आणि थोडी माती, एवढं पुरतं. खत मी घरीच करते. झाकणाच्या बादलीला खाली भोकं, आत एक थर भाजीच्या देठा-सालींचा, एक थर वाळक्या पानांचा, सुरुवातीला थोडं आंबट ताक. वास आला तर समजायचं ओलं जास्त झालं, वाळकी पानं वाढवायची. पानं फाइव्ह गार्डनच्या कडेने पिशवीभर मिळतात. सफाई कामगार बायका आता मला ओळखतात आणि माझ्यासाठी ढीग वेगळा ठेवतात.

हे मी कुठल्या पुस्तकात शिकले नाही. गोदीतल्या माणसांकडून कानावर आलं. पोर्ट ट्रस्टच्या मध्यवर्ती स्वयंपाकघरात कामगारांसाठी रोज जेवण रांधलं जायचं आणि भाजीचा कचरा ढिगांनी निघायचा. तिथल्या केटरिंग अधिकारी प्रीती पाटील यांनी त्या कचऱ्याचं खत करून स्वयंपाकघराच्या गच्चीवरच बाग उभी केली; भाज्या, फळझाडं, सगळं गोदीच्या क्रेनांच्या साक्षीने. पुढे त्यांनी गच्ची-बागवाल्यांचा एक गटच उभारला. त्यांच्या पद्धतीमागे कोल्हापूरचे श्रीपाद दाभोलकर आहेत, गणिताचे प्राध्यापक, ज्यांनी ‘प्रयोग परिवार’ काढून शेतकऱ्यांना आपापल्या बांधावर संशोधन करायला लावलं. थोड्या जागेत, सूर्याचा हिशोब ठेवून, किती पिकवता येतं हे मोजून बघणारा माणूस. त्या परंपरेतलं ‘अमृतजल’ मी करते: दहा लिटर पाणी, एक किलो ताजं शेण, एक लिटर गोमूत्र, पन्नास ग्रॅम काळा गूळ, तीन दिवस रोज ढवळायचं, चौथ्या दिवशी दहापट पाणी घालून झाडांना. शेण-गोमूत्रासाठी देवळाबाहेर गाय घेऊन बसणारी बाई आहे. पहिल्यांदा मी किटली पुढे केली तेव्हा तिला वाटलं मी दूध मागते आहे.

बाबांचे तुडतुडे इथे कामी आले. जास्वंदीवर पांढरा कापूस दिसला की तो कापूस नसतो, पिठ्या ढेकूण असतो. मुंबईतले मोठमोठे वर्षावृक्ष मध्यंतरी याच किडीने वाळवले, तर जास्वंदीची काय कथा. आधी पाण्याचा जोराचा फवारा, मग स्पिरिटमध्ये बुडवलेल्या कापसाने एकेक पुसायचा, मग कडुनिंबाचं तेल आणि साबणाचा थेंब पाण्यात घालून फवारणी. आणि मुंग्या बघायच्या. या किडीच्या अंगातून गोड चिकटा सुटतो, त्यासाठी मुंग्या तिला सांभाळतात, एका झाडावरून दुसऱ्यावर नेतात. मुंग्या थांबवल्या नाहीत तर पुढच्या शनिवारी तेच काम.

एक काम शनिवारी चुकवायचं नाही, कुंड्यांखालच्या ताटल्या ओतून पुसून कोरड्या करायच्या. डेंग्यूचा डास स्वच्छ साठलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि अंड्यापासून उडता डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात. म्हणजे आठवड्यातून एकदा पाणी ओतलं तर त्याचा संसार अर्ध्यात मोडतो. ‘कोरडा दिवस पाळा’ असं जे सांगत असतात त्यामागे हे साधं गणित आहे. पालिकेची माणसं बॅटरी मारून ताटल्या तपासतात आणि अळ्या सापडल्या तर दंड होतो. ताटली काढूनच टाकली तर पाणी खालच्या मजल्यावरच्या काकूंच्या वाळत घातलेल्या पापडांवर. डास आणि काकू यांच्यामधून वाट काढत माझी बाग चालते. कबुतरांबद्दल मी लिहिणार नाही, रक्तदाब वाढतो.

आमच्या इमारतीत शनिवारवाले आणखी आहेत. दुसऱ्या मजल्यावरचे एक निवृत्त काका हिवाळ्यात शिवडीच्या खाडीवर रोहित पक्षी बघायला जातात, ओहोटीच्या वेळा कॅलेंडरवर लिहून ठेवतात. चौथ्या मजल्यावरच्या ताई बँकेत, त्यांना दुसरा-चौथा शनिवारच सुट्टी. त्या शब्दकोडी सोडवतात, आणि ‘पाच अक्षरी, डोंगराळ प्रदेश’ असले फोन मला करतात. पण दुपारी अडीचनंतर हे दोघं आमच्याकडे असतात, कारण तेव्हा बोर्ड लागतो.

कॅरम हा माझा छंद, आणि मुंबईतल्या घरांना याहून जास्त मानवणारा खेळ मला माहीत नाही. खेळायचा पृष्ठभाग ७४ सेंटिमीटर चौरस, चौकट धरून तीन फूट. चार माणसं बसली की खोली भरते, पण बोर्ड उभा केला की कपाटामागे जातो. परळ-लालबागच्या प्रत्येक मंडळात एक बोर्ड असायचाच, वर तारेला टांगलेला शंभरचा बल्ब आणि त्याला पत्र्याची टोपी. तो बल्ब नुसत्या उजेडासाठी नसायचा. पावसाळ्यात प्लायवूड दमट होतं, बोर्ड जड चालतो, सोंगटी मध्येच मरते. बल्बच्या उबेने बोर्ड कोरडा राहायचा. उरलेलं काम बोरिक पावडरचं. अशाच वस्त्यांमधून खेळाडू तयार झाले. जगज्जेतेपद मिळवणारे प्रशांत मोरे मुंबईचेच.

पण त्या मंडळांच्या बोर्डाभोवती मुली नसायच्या. मी शिकले घरी, बाबांबरोबर, रविवारी नव्हे तर त्यांची रात्रपाळी संपून आलेल्या दुपारी. गोदीत पाळ्या चालायच्या, सुट्टीचा वार सगळ्यांना एक नव्हता. पुढे खात्याच्या स्पर्धांत खेळले तेव्हा कळलं की आपण इतकी वर्षं वेगळाच खेळ खेळत होतो. घरचा कॅरम पॉइंटांचा: काळी दहा, पांढरी वीस, राणी पन्नास. स्पर्धेत तसं नसतं. नऊ काळ्या, नऊ पांढऱ्या, एक राणी. ज्याच्या सोंगट्या आधी संपल्या त्याला समोरच्याच्या उरलेल्या सोंगट्यांइतके गुण, राणी घेतली असेल तर तिचे तीन. गेम पंचवीस गुणांचा किंवा आठ बोर्डांचा. आणि गंमत पुढे आहे: तुमचे बावीस गुण झाले की राणीचे तीन मिळत नाहीत. पुढे असलेल्याला राणीने पटकन घर गाठता येऊ नये म्हणून. सोंगटी पाच ते साडेपाच ग्रॅमची, स्ट्रायकर पंधरा ग्रॅमच्या वर नको, खुर्ची सरकवायची नाही, उठायचं नाही. उठायचं नाही हा नियम घरी पाळायला सांगितला तर खेळायला माणूस मिळणार नाही.

माझा हात कटचा. अंगठ्याचा मला कधी जमला नाही. मागच्या रेषेला चिकटलेली सोंगटी काकांनी अंगठ्याने उलटी काढली की मी नजर खिडकीकडे वळवते. ब्रेक करताना ताई जोर लावतात, आणि जोराच्या ब्रेकने सोंगट्या पसरतात त्या समोरच्याच्या सोयीने, हे त्यांना पटत नाही. चौथा भिडू बदलता. कधी मुलगा, झोपेतून उठून, चहाचा कप चौकटीवर ठेवत. तो कप तिथे ठेवण्यावरून होणारा वाद हाच आमच्या शनिवारचा एकमेव विधी म्हणावा लागेल. सासूबाई खेळत नाहीत. शनिवार आहे. पण पलंगावरून ‘ती कोपऱ्यातली आधी घे’ असं सांगतात, आणि बहुतेक वेळा तीच घ्यायला हवी असते.

काकांना तीन गुणांची राणी मान्य नाही. उभा जन्म पन्नासची राणी घेतली, आता म्हातारपणी तिचा भाव पाडायचा नाही, असं त्यांचं म्हणणं. मी नियमांची छापील प्रत दाखवली, त्यांनी ती चष्मा काढून वाचली आणि परत दिली. सध्या तडजोड अशी चालू आहे की चहाच्या आधी नियमाने, चहानंतर पॉइंटाने. बावीस गुणांवर राणी घेऊन बसलेल्या ताई चहा लवकर मागायला लागल्यापासून त्या तडजोडीवरही वाद आहे. बोरिक पावडर आणायची पाळी या शनिवारी काकांची.